गंभीर नाटकात हशा कुठून काढायचा

गंभीर नाटक पहिल्यांदा बसवणाऱ्या दिग्दर्शकाला एकच धास्ती असते: लोक नको तिथे हसतील. त्या धास्तीपायी तो सगळ्या नटांना खालच्या पट्टीत, सावकाश, जड आवाजात बोलायला लावतो. मग दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका कोसळते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसतं. यात प्रेक्षकाचा दोष नाही. दीड तास त्याला हसायला कुठेच जागा दिली नाही, तर तो आपली आपण शोधतो, आणि ती बहुधा तुमच्या सगळ्यात नाजूक क्षणात सापडते.

गंभीर नाटकातलं पात्र गंमत करत नसतं. त्याला काहीतरी मनापासून हवं असतं, ते मिळत नसतं, आणि तरीही ते हट्ट सोडत नाही. प्रेक्षक हसतो तो त्या हट्टाला. हे नटाला कळलेलं असलं तर हरकत नाही, पात्राला कळता कामा नये. संहितेत असे हट्ट शोधणं, ते नटांकडून खरेपणाने करून घेणं आणि मध्ये लुडबुडणाऱ्या गोष्टी काढून टाकणं, एवढंच दिग्दर्शकाचं काम.

पेन्सिल घेऊन वाचन

तालमी सुरू व्हायच्या आधी संहिता एकट्याने दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा मोठ्याने, हातात पेन्सिल घेऊन. खुणा कुठे करायच्या?

जिथे माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं तिथे, म्हणजे "मी अगदी शांत आहे" म्हणणारा हातातला पेला आपटून ठेवतो तिथे. जिथे दोघं दोन वेगळ्या विषयांवर बोलतायत आणि आपलं एकच संभाषण चाललंय असं दोघांनाही वाटतंय तिथे. जिथे कुणी आपला मान सांभाळत निघून जायला बघतो आणि दाराची कडी निघत नाही तिथे. एखादा शब्द तिसऱ्यांदा आला तर तिथेही. आणि सगळ्यात ठळक खूण करायची ती मोठ्या संकटात क्षुल्लक गोष्टीवरून चाललेल्या भांडणाला. घर लिलावात निघालंय आणि घरातली माणसं छत्री कुणाची यावरून अडून बसली आहेत, असं काही दिसलं की थांबा. गंभीर नाटककार आपला विनोद बहुतेक इथेच ठेवतो.

रंगसूचना गाळू नका आणि मुखपृष्ठही वाचा. चेखवने 'चेरी ऑर्चर्ड'ला चार अंकी विनोदी नाटक म्हटलं होतं. 1904 साली मॉस्को आर्ट थिएटरने स्तानिस्लावस्कीच्या दिग्दर्शनात ते शोकनाट्य म्हणून उभं केलं आणि चेखव त्यावर नाराज झाला. सॅम्युएल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'च्या शेवटी एस्ट्रागॉन या पात्राची पँट घसरते. 1953 साली पॅरिसमध्ये दिग्दर्शक रॉजे ब्लँने केलेल्या पहिल्या निर्मितीत नट ती अर्ध्यावर धरून ठेवत होता. बेकेटने पत्र लिहून बजावलं की पँट पूर्ण खाली, घोट्यापर्यंत पडली पाहिजे. नटाला वाटत होतं हशा येईल आणि शेवट बिघडेल. बेकेटला तो शेवट त्या पडलेल्या पँटसकट हवा होता.

पहिल्या फेरीत पंधरा-वीस खुणा होतील, होऊ द्या. मग प्रत्येक खुणेशेजारी समासात एका वाक्यात लिहा, या माणसाला या क्षणी काय हवंय. "त्याला विचित्र वाटतंय" हे उत्तर नाही. "त्याला तिच्याआधी दारापर्यंत पोचायचंय" हे उत्तर. जिथे उत्तर सुचत नाही ती खूण खोडा. तिथे कोटी असेल, पण कोटीवर नटाला काम करता येत नाही. आठ-दहा खुणा उरल्या तरी भरपूर झाल्या.

तालमीत तोंडावर ठेवायचा ताबा

"इथे हशा आहे" हे वाक्य नटासमोर उच्चारू नका. ते कानावर पडताच नटाचा आवाज अर्धा सूर वर जातो, हनुवटी उचलली जाते, वाक्याआधी एक पॉज येतो आणि शरीर किंचित प्रेक्षकांकडे वळतं. त्या वळण्यात प्रेक्षकाला कळतं की आपल्याकडे काहीतरी मागितलं जातंय. मागितलेला हशा मिळतो कधीकधी, पण पात्र त्याच क्षणी विकलं जातं.

त्याऐवजी काम द्या. "गोंधळून जा" म्हणू नका, "चष्मा शोध, आणि शोधतोयस हे तिला कळू देऊ नकोस" म्हणा. "जरा हलकं कर" याने काहीच होत नाही, "तिचं वाक्य संपायच्या आत हा विषय संपवून टाक" याने होतं. एखादी गोष्ट योगायोगाने मजेशीर झाली आणि तालमीत सगळे हसले, तर नटाला "तेच कर" सांगू नका. तो हशाची नक्कल करायला लागेल. त्या वेळी त्याला काय हवं होतं ते विचारा आणि तेवढंच वहीत लिहून ठेवा.

एक प्रवेश, जवळून

सरावासाठी रचलेला हा तुकडा घ्या. वडील रात्री गेले. मृतदेह आतल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या, त्यातली एक वडिलांची. सकाळपासून तिच्यावर कुणी बसलेलं नाही. दाखला लिहायला आलेले डॉक्टर आतून येतात, नेमके तिच्यावर बसतात आणि मांडीवर कागद घेतात.

डॉक्टर : वय?
भाऊ : सत्त्याहत्तर.
बहीण : अठ्ठ्याहत्तर.
भाऊ : सत्त्याहत्तर पूर्ण.
बहीण : म्हणजे अठ्ठ्याहत्तरावं चालू, दादा.
डॉक्टर : साधारण अठ्ठ्याहत्तर लिहितो.
दोघं : साधारण नाही!
(शांतता. दोघं खुर्चीकडे बघतात.)
भाऊ : डॉक्टर, इकडे उजेड बरा आहे.
डॉक्टर : दिसतंय मला.
बहीण : ती खुर्ची जरा डुगडुगते.
डॉक्टर : नाही हो, छान आहे. (मागे टेकतात.) कुणाची, बाबांची?
बहीण : बाबांची आहे.
भाऊ : होती.
(डॉक्टर उठतात.)

पहिल्या तालमीत हे हमखास फसतं, आणि कुठे फसतं तेही ठरलेलं आहे.

डॉक्टर "बसतात". म्हणजे खुर्चीकडे बघतात, एक क्षण थांबतात आणि मग बसतात. नटाला माहीत आहे की हे बसणं महत्त्वाचं आहे, म्हणून डॉक्टरलाही माहीत असल्यासारखं दिसतं. उपाय: डॉक्टर रात्रभर जागे आहेत, पेन सापडत नाहीये, नजर खिशात. "वय?" हा प्रश्न अर्धवट बसतानाच विचारायचा. बसण्याकडे फक्त भावाबहिणीचं आणि प्रेक्षकांचं लक्ष असलं पाहिजे.

भाऊ-बहीण डोळे विस्फारून एकमेकांकडे बघतात. ही सर्वांत सामान्य चूक, कारण त्या बघण्याने ते प्रेक्षकांना खूण करत असतात. सरळ नियम घाला: पूर्ण तुकड्यात एकमेकांकडे फक्त दोनदा बघायचं. एकदा "साधारण नाही!" तोंडातून एकदम निघून गेल्यावर, आणि एकदा "होती" नंतर.

वयावरचं भांडण एक तर चिडून होतं, नाही तर लाडिक होतं. दोन्ही चूक. भावाने वडिलांची कागदपत्रं सांभाळली, बहिणीने वाढदिवस. कोण जास्त जवळचं होतं, याचा पुरावा म्हणून ते आकडे फेकतायत. हे नटांना एकदा सांगितलं की भांडण आपोआप तापतं. वेग असा हवा की "सत्त्याहत्तर"मधल्या शेवटच्या 'र'वर बहिणीचा 'अ' चढला पाहिजे. मध्ये श्वासाएवढी फट पडली तरी ते भांडण न राहता सवाल-जवाब होतो.

"डुगडुगते" हे वाक्य हुशारीने टाकलं तर पडतं. खुर्ची सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्थिर उभी आहे, म्हणजे ही थाप अत्यंत वाईट आहे. बहिणीला थापा मारायची सवय नाही आणि दुसरं काही सुचतही नाही, ही अगतिकता दिसली की काम झालं.

सगळ्यात नाजूक जागा शेवटची. "आहे" आणि "होती" यांची लय वयाच्या भांडणाचीच ठेवा, तितक्याच वेगात. भाऊ सवयीने बहिणीची चूक दुरुस्त करतो आणि आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू येतं. नट "होती"च्या आधी पॉज घेतोच घेतो, कारण त्याला पुढचं दुःख आधीच दिसत असतं. तो पॉज काढा. शांतता नंतर येऊ दे, आणि ती डॉक्टरांच्या उठण्याने संपू दे. तालमीत तीन-चार सेकंदांपासून सुरू करा. आकड्यांच्या भांडणाने ज्या लयीत प्रेक्षक हसला, तीच लय त्याला इथे अडवते. आधीचा हशा आला नसेल तर हा शब्द निम्म्यानेही लागत नाही.

खुर्ची रंगमंचाच्या मध्यावर, थोडी पुढे. भाऊ आणि बहीण तिच्या मागे, दोन्ही बाजूंना दोन-दोन पावलांवर. मग तिन्ही चेहरे एका नजरेत बसतात आणि डॉक्टरांना मागचे चेहरे दिसत नाहीत. दोघांना दोन टोकांना उभं केलंत, तर प्रेक्षकांच्या माना इकडून तिकडे फिरतात आणि त्या परत येईपर्यंत हशाची वेळ निघून गेलेली असते. डॉक्टर मागे टेकतात तेव्हा बाकीच्या दोघांनी बोटसुद्धा हलवू नये. हशाच्या शब्दावर किंवा कृतीवर दुसरं कुणी हललं की डोळे तिकडे जातात आणि हशा तुटतो.

वाक्याचं शेपूट

मराठी वाक्याचा खटका पुष्कळदा शेवटच्या शब्दात असतो. "मी रागावलेलो नाही." "तिला मी बोलावलंच नव्हतं." आणि नटांना सवय असते ती नेमकं हे शेपूट गिळायची. गंभीर नाटकात तर फारच, कारण श्वास सोडत सोडत बोललं की भाव येतो असा एक समज आहे. "नाही" मागच्या रांगेपर्यंत गेलंच नाही, तर माणूस रागावलाय असा निरोप पोचतो आणि मजा संपते. सराव सोपा आहे: संपूर्ण प्रवेश चालत म्हणायला लावा, प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर एक पाऊल जोरात. दोन दिवस केलं की शेपटं उभी राहतात, मग पावलं काढून टाका.

'च' आणि 'पण' यांच्याकडे लक्ष ठेवा. लेखकाने "मीच" लिहिलंय, तिथे जोर लिहिलेलाच आहे. नटाने त्यावर आणखी जोर दिला की वाक्य ओरडतं. अशा ठिकाणी आवाज उलट सपाट ठेवायला सांगा.

जड झालेल्या प्रवेशाला हलवण्यासाठी

एखादा प्रवेश शवासारखा पडून असेल तर चर्चा करत बसू नका. बारा मिनिटांचा प्रवेश सात मिनिटांत म्हणायला लावा, हालचालींसकट, एकही शब्द न गाळता. दुःखाला सजवायला वेळच उरत नाही, आणि कोण कुणाला तोडतंय, कोण ऐकत नाहीये हे उघडं पडतं. दुसरा उपाय: शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं धरून सगळं भांडण कुजबुजत करा. तिसरा, सगळ्यांनी कमालीच्या सौजन्याने बोला. दाबलेला राग हा मोकळ्या रागापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त मजेशीर असतो, शिवाय जास्त भीतिदायकही.

एक तालीम वाह्यातपणालाही द्या. वीस मिनिटं, वाटेल ते अचरट करायची मुभा. त्यातून फार तर दोन गोष्टी ठेवा, बाकी फेकून द्या. ही मुभा शेवटच्या आठवड्यात कधीही देऊ नका.

विनोदाचं हे सगळं काम ब्लॉकिंग (कुणी कुठे उभं राहायचं, कधी हलायचं) बसल्यावर आणि पाठांतर झाल्यावर करायचं. सहा आठवड्यांच्या तालमी असतील तर चौथ्या आठवड्यात. आधी केलंत तर नट हातात वही धरून टायमिंग शोधतो, आणि ते सापडत नाही.

हशा आला तर, नाही आला तर

हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरतो. पुढचं वाक्य उतरणीवर घ्यायचं, साधारण एक तृतीयांश आवाज खाली आल्यावर. चढत असताना घेतलं तर वाक्य बुडतं आणि लोकही हसणं थांबवतात, कारण त्यांना ऐकायचं असतं. पूर्ण विरल्यावर घेतलं तर नाटक थांबल्यासारखं वाटतं. हशात बुडेल असं पुढचं वाक्य कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाचं असेल, तर त्याचे पहिले दोन शब्द मोठ्याने घ्यायला सांगा.

थांबताना नटाने गोठू नये. पात्राचा विचार चालू राहिला पाहिजे. त्यासाठी अशा जागी लांबवता किंवा आखडता येईल असं एखादं हातातलं काम द्या: बाहीचं बटण लावणं, कागदाची घडी, चष्म्याची काच पुसणं. हशा आला तर बटण लागायला वेळ लागतो, नाही आला तर लगेच लागतं. हशासाठी नुसता पॉज ठेवला आणि हशा आला नाही, तर त्या जागी खड्डा पडतो, आणि पुढची दहा मिनिटं नट तो बुजवत राहतो.

तालमीतल्या हशावर जाऊ नका. पहिल्या आठ-दहा दिवसांत सहकलाकार हसतात, नंतर हसत नाहीत, कारण त्यांना सगळं पाठ झालेलं असतं. नटाला वाटतं आपलं काहीतरी गेलं, आणि तो भर घालायला लागतो. शुभारंभाच्या प्रयोगाआधी दोन आठवडे पाच-सहा बाहेरच्या माणसांना रन-थ्रूला, म्हणजे न थांबता केलेल्या सलग तालमीला, बसवा. तुम्ही मंचाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघा. संहितेत नोंद करा: कुठे हसले, कुठे नुसतं नाकातून हसले, कुठे खोकले, कुठे बूड हलवलं. खोकला हा कंटाळ्याचा सगळ्यात प्रामाणिक निरोप आहे.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी या टप्प्यावर बोला, रंगीत तालमीला नव्हे. गंभीर नाटक म्हणून अंधारा रंगमंच ठरलेला असतो. डोळे दिसले नाहीत तर कुणी हसत नाही. खुणा केलेल्या आठ-दहा जागी चेहरे उजळ हवेत, मग बाकी किती का काळोख असेना.

नको तिथे हशा

याची कारणं बहुतेक साधी असतात. रडक्या वाक्यानंतर लांब पॉज. नट स्वतः इतका रडतोय की प्रेक्षकाला काही उरलंच नाही. न उघडणारा खण. दोन वाक्यांच्या शेवटी चुकून जुळलेलं यमक. यमक असेल तर शब्दांचा क्रम बदला (लेखकाला विचारून), खण असेल तर मेण लावा. पण या सगळ्याच्या मागे पुष्कळदा साठलेला ताण असतो, आणि त्याला तीन-चार मिनिटं आधी हक्काची वाट काढून द्यावी लागते.

'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून होतो आणि लगेच, दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, दारू प्यायलेला द्वारपाल बडबडत येतो. दार ठोठावणं आदल्या प्रवेशापासूनच सुरू झालेलं असतं. तो हसवत असताना दार उघडल्यावर आत काय सापडणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. नवे दिग्दर्शक काटछाट करताना पहिला हात या प्रवेशाला घालतात. तो उडवलात तर तिथे साठलेला ताण पुढे कुठेतरी तुमची परवानगी न घेता फुटेल.

काही जागा मात्र तपासून सोडून द्या. हशा मार खाणाऱ्यावर येत असेल, कुणाच्या व्यंगावर येत असेल, तर तो काढायचा, कितीही मोठा असला तरी. पडताळा असा: हसल्यानंतर प्रेक्षकाला त्या पात्राची काळजी वाढली की कमी झाली?

प्रयोग सुरू झाल्यावर

पहिल्या प्रयोगापासून प्रत्येक अंकाची वेळ घड्याळ लावून लिहून ठेवायला सांगा. संहिता तीच असताना एखादा अंक तीन मिनिटांनी वाढला, तर कुणीतरी अॅडिशन (संहितेत नसलेली भर) घेतंय किंवा हशा पिळतंय. बहुतेक वेळा ते दहाव्या प्रयोगाच्या आसपास दिसायला लागतं. नटाला सगळ्यांसमोर बोलू नका, प्रयोगाआधी बाजूला घेऊन त्याला फक्त त्या जागेचं मूळ काम आठवून द्या: चष्मा शोध, दारापर्यंत पोच.

नाहीसा झालेला हशाही याच वाटेने परत येतो. कालपर्यंत येणारा हशा आज आला नाही की नट तेच वाक्य अधिक जोरात, अधिक हळू, अधिक स्पष्ट म्हणून बघतो. दोष त्या वाक्यात क्वचितच असतो. त्याच्या आधीचं वाक्य तपासा. ते ऐकू गेलं नसेल, किंवा समोरच्या नटाने प्रतिक्रिया एक क्षण आधी दिली असेल.

आणि उलटही घडतं. एखादा हशा इतका मोठा होतो की त्याच्या पाठची शांतता येईनाशी होते. खुर्चीच्या प्रवेशात "साधारण नाही!"वर प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले, तर "होती"पर्यंत ते सावरत नाहीत. अशा वेळी हशा कापावा लागतो, आणि नट त्याबद्दल तुमच्यावर चार दिवस नाराज राहील. ते वाक्य दोघांनी एकदम म्हणायच्या ऐवजी बहिणीला अर्धा क्षण मागे ठेवा, आणि तिथली दोघांची नजरानजर काढून टाका. बहुतेक वेळा तेवढ्यावर हशा निम्मा होतो.